स्थळ अमेरिकेचं, कागद कौंटी कोर्टातला



या आठवड्याच्या टपालात मिरजेहून एका भगिनीचं चार पानी पत्र आलं आहे. त्यांच्या धाकट्या बहिणीसाठी अमेरिकेतलं स्थळ आलं आहे. मुलगा चाळिशीच्या आतला, नोकरी चांगली, बोलणं मोकळं. त्याचं पहिलं लग्न पुण्यात झालं होतं, ते टिकलं नाही. ही गोष्ट त्याच्या आईनं पहिल्याच भेटीत सांगितली, लपवलं काही नाही. तेव्हा तो कॅलिफोर्नियात सनीव्हेलला राहत होता, आता टेक्सासला असतो. ताई लिहितात, "घटस्फोटाचा कागद पाहायला मागितला, तर मोबाइलवर एका पानाचा फोटो आला. वर कोर्टाचं नाव आहे, खाली सही-शिक्का दिसत नाही. घरातली पुरुषमंडळी म्हणतात, इतकी शंका घेतलीत तर स्थळ हातचं जाईल. मी काय करू?"

ताई, कागद मागा. डाळ घेताना आपण मूठभर हातावर घेऊन खडे बघतोच ना? वाण्याला काय वाटेल म्हणून तशीच पिशवीत ओतत नाही. इथे तर बहिणीच्या जन्माचा प्रश्न आहे. आपल्या १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यानं पहिला जोडीदार हयात असताना आणि ते लग्न मोडलेलं नसताना केलेलं दुसरं लग्न मुळातच रद्दबातल ठरतं. चूक कुणाचीही असो, पत्नी म्हणून उभं राहायला जागा उरत नाही ती दुसरीला.

आता कागद शोधायचा कुठे? पुष्कळांना वाटतं, अमेरिका एवढी पुढारलेली, तिथे सगळ्या देशाच्या घटस्फोटांची नोंद एका जागी असेल. तसं नाही. तिथे लग्न आणि घटस्फोट हा प्रत्येक राज्याचा विषय. राज्यात पुन्हा कौंट्या, म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखे भाग. कॅलिफोर्नियात ५८, टेक्सासात तर २५४! ज्या कौंटीच्या कोर्टात निकाल लागला, दप्तर तिथल्याच क्लार्ककडे. माणूस पुढे दुसऱ्या राज्यात राहायला गेला म्हणून फाइल काही त्याच्या मागोमाग जात नाही. सातबारा कसा, ज्या गावची जमीन त्या गावच्याच दप्तरात असतो, तसंच हे.

म्हणून पहिला प्रश्न, "घटस्फोट झाला का?" असा न विचारता "कुठल्या कौंटीत झाला?" असा विचारा. गावाच्या नावावरून कौंटी कळतेच असं नाही. सनीव्हेल सांता क्लारा कौंटीत येतं, फ्रीमाँट अलामेडात, न्यू जर्सीतलं एडिसन मिडलसेक्समध्ये, टेक्सासचं प्लेनो मुख्यतः कॉलिन कौंटीत. कॅलिफोर्नियात अर्ज करायला नवराबायकोंपैकी एकानं राज्यात सहा महिने आणि त्या कौंटीत तीन महिने राहिलेलं असावं लागतं. तेव्हा फाइल नवऱ्याच्या कौंटीत सापडली नाही, तर बायको राहत होती त्या कौंटीत पाहावी.

क्लार्कचं नावही राज्याराज्यात बदलतं. टेक्सासात तो डिस्ट्रिक्ट क्लार्क, कॅलिफोर्नियात सुपीरिअर कोर्टाचा क्लार्क, न्यूयॉर्कमध्ये कौंटी क्लार्क. राज्याच्या जन्ममृत्यू-नोंदणी कार्यालयाकडे धावून फारसा उपयोग नाही. टेक्सासचं कार्यालय १९६८ पासूनच्या घटस्फोटांची नोंद असल्याचं नुसतं पत्र देतं, निकाल देत नाही. कॅलिफोर्नियाच्या कार्यालयाकडे १९६२ ते जून १९८४ एवढ्याच काळातल्या नोंदी आहेत.

क्लार्कला लिहिताना अर्जात एवढं असावं:

१. दोघांची पूर्ण नावं, त्या वेळी कागदोपत्री होती तशी. पहिल्या पत्नीचं माहेरचं आडनावही घाला. इंग्रजी स्पेलिंग नीट तपासा. एका अक्षरानं नोंद सापडत नाही.

२. निकालाचं साल. नक्की ठाऊक नसेल तर अंदाजे कुठून कुठपर्यंत शोधायचं ते लिहा.

३. केस नंबर मिळाला तर सोन्याहून पिवळं. तुमच्याकडे आलेल्या फोटोत वरच्या कोपऱ्यात बघा, बहुधा तिथेच असेल.

४. "अंतिम निकालाची सर्टिफाइड कॉपी हवी" असं स्पष्ट लिहा. साधी झेरॉक्स नको. आपल्या कोर्टातली सही-शिक्क्याची नक्कल असते, तशीच ही.

५. फी प्रत्येक ठिकाणी वेगळी. नक्कल काढण्याची एक आणि केस नंबर नसेल तर शोधण्याची दुसरी. ती आधी विचारून घ्या. टपालानं अर्ज केला तर परतीचं तिकीट लावलेलं पाकीट मागतात. तिथली तिकिटं आपल्याकडे कुठून येणार? त्यासाठी तिकडे राहणारी एखादी भाची, मैत्रीण मदतीला घ्यावी.

पुष्कळ कौंट्यांत निकाल बाहेरच्या माणसालाही मागता येतो. न्यूयॉर्क मात्र कडक. तिथे घटस्फोटाची फाइल त्या दोघांखेरीज आणि त्यांच्या वकिलांखेरीज कुणालाही कोर्टाच्या हुकमाशिवाय दाखवत नाहीत. म्हणून सगळ्यात सोपा मार्ग हाच, की मुलालाच नक्कल मागवायला सांगायची. स्वतःच्या निकालाची नक्कल त्याला केव्हाही मिळते.

नक्कल हाती आली की ती ट्रंकेत ठेवण्याआधी तीन गोष्टी वाचा. एक, तो निकालच आहे ना? "पिटिशन" म्हणजे नुसता अर्ज. "लीगल सेपरेशन" म्हणजे वेगळं राहण्याची परवानगी. दोन्हींनी लग्न मोडत नाही. दोन, लग्न कुठल्या तारखेला संपलं? कॅलिफोर्नियात अर्जाची बजावणी झाल्यापासून सहा महिने गेल्याखेरीज लग्न संपत नाही, आणि निकालपत्रात ती तारीख वेगळी लिहिलेली असते. टेक्सासात निकालानंतरही साधारणपणे तीस दिवस तिसऱ्या व्यक्तीशी लग्न करता येत नाही.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, आणि तुमच्या बहिणीच्या बाबतीत तर फारच. पहिली पत्नी त्या कोर्टात हजर होती का? तिची संमती होती का? की ती आलीच नाही आणि एकतर्फी निकाल झाला?

हे का विचारते, ते सांगते. १९७५ साली तिरुपतीला लग्न झालेल्या एका जोडप्यातल्या नवऱ्यानं अमेरिकेत मिसुरी राज्यातल्या सेंट लुईस कौंटीच्या कोर्टातून घटस्फोट मिळवला आणि १९८१ साली दुसरं लग्न केलं. पहिल्या पत्नीनं तिकडच्या कोर्टाला निषेध नोंदवून उत्तर पाठवलं होतं, इकडे फिर्याद केली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. १९९१ साली न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांनी लिहिलेल्या निकालात तो घटस्फोट भारतात मानायला नकार दिला आणि फिर्याद पुढे चालवायला सांगितलं. "संसार सावरण्यापलीकडे गेला" हे मिसुरीतलं कारण आपल्या हिंदू विवाह कायद्यात नव्हतं, आणि पत्नीनं त्या कोर्टाचा अधिकारही मान्य केलेला नव्हता. बरं, नवऱ्यानं दाखल केलेल्या नकलेवर सर्किट क्लार्कच्या कचेरीचा दाखला होता. तरी ती पुराव्यात चालली नाही, कारण तिच्यावर अमेरिकेतल्या भारत सरकारच्या प्रतिनिधीचं प्रमाणन नव्हतं.

म्हणजे कागद खरा असूनही इथे अपुरा पडू शकतो. उलट, पत्नीची संमती असेल, तर तिकडचा घटस्फोट आपल्याकडेही मानता येतो, असं त्याच निकालात म्हटलं आहे. म्हणून नक्कल आली की कौटुंबिक न्यायालयात काम करणाऱ्या वकिलाला एकदा दाखवा. भारत २००५ पासून अपॉस्टिलच्या करारात आहे. ज्या राज्याचा निकाल, त्या राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या कचेरीतून नकलेवर अपॉस्टिल लावून मिळतं. तेवढं पुरेल की आपल्या वकिलातीचंही प्रमाणन हवं, हेही वकिलांनाच विचारा.

राहिला प्रश्न कसं मागायचं हा. "तुमच्यावर विश्वास नाही" असा सूर नको. मुलाच्या आईला सरळ म्हणा, "आमच्याकडे विवाहनोंदणीला निकालाची नक्कल लागेल, तेवढी मागवून ठेवता का?" यात खोटं काही नाही. शिवाय मुलगा तिथला नागरिक किंवा ग्रीनकार्डवाला असेल, तर बायकोला नेण्याच्या अर्जासोबत आधीचं लग्न संपल्याचा कागद त्याला जोडावाच लागतो. जे उद्या सरकारला द्यायचं, ते आज तुम्हाला दाखवायला हरकत कसली? सरळ माणूस महिन्या-दोन महिन्यांत कागद आणून देईल, आणि रागावून स्थळ मोडलंच, तर बहीण वाचली म्हणा.

जाता जाता, ज्यांचा स्वतःचा घटस्फोट अमेरिकेत झाला आणि ज्या आता माहेरी परतल्या आहेत, त्यांनाही सांगते: दोन सर्टिफाइड नकला मागवून ठेवा. पासपोर्टवर नाव बदलायचं झालं, पुन्हा संसार मांडायचा झाला, तर त्या लागतील. केस नंबर आणि कौंटीचं नाव वहीत लिहून ठेवा.

मिरजेच्या ताई, साखरपुड्याची तारीख नक्कल वाचल्यावरच धरा. आणि तिच्यात पहिल्या पत्नीबद्दल काय लिहिलंय, ते मला दोन ओळींत जरूर कळवा.