सूक्ष्म अर्थशास्त्र आणि मराठीचा विद्यार्थी

मराठी हा मुख्य विषय घेऊन पदवीचा अभ्यास करणाऱ्यांच्या संपर्कसत्रात एक प्रश्न हमखास विचारला जातो. ऐच्छिक विषय म्हणून अर्थशास्त्र घ्यावे काय, आणि घेतलेच तर प्राथमिक अभ्यासक्रमानंतर ते सोडून द्यावे काय? विचारणाऱ्यांत कोणी अलिबागच्या बाजारपेठेत दुकान चालवणारे असतात, कोणी ग्रामपंचायतीत लिपिक, तर कोणी नागाव-रेवदंड्याकडे पर्यटकांना घरच्या खोल्या देणाऱ्या गृहिणी. माझे उत्तर ठरलेले आहे : घ्यावे, आणि सूक्ष्म अर्थशास्त्राच्या मध्यम स्तरापर्यंत तरी जावे. हे उत्तर भाषाविज्ञानाचा अध्यापक देतो याचे काहींना नवल वाटते. तथापि मी ते भाषेच्याच कारणास्तव देत आलो आहे.

अर्थशास्त्र मराठीत नवखे नाही. लोकहितवादींचे ‘लक्ष्मीज्ञान’ १८४९ मधले आणि कृष्णशास्त्री चिपळूणकरांची ‘अर्थशास्त्रपरिभाषा’ १८५५ मधली. म्हणजे आपल्या अर्वाचीन गद्याची घडण होत असतानाच या शास्त्राचे शब्दही घडत होते. पुढे पाठ्यपुस्तकांत ‘अंशलक्ष्यी’, ‘सूक्ष्मलक्षी’ आणि आता सुटसुटीत ‘सूक्ष्म’ अशी नावे या शाखेला मिळत गेली. मला स्वतःला ‘अंशलक्ष्यी’ हा शब्द अधिक नेमका वाटतो. येथे सूक्ष्म असे काही नसते. एक कुटुंब, एक पेढी, एक बाजार असा अंश लक्ष्य करून पाहणे एवढाच त्याचा अर्थ. पण बोजड शब्द मागे पडतात, त्याला इलाज नाही.

अडचण या नावाची नाही. ती ‘समतोल’ आणि ‘इष्टतम’ या दोन शब्दांची आहे. मराठीत समतोल म्हटले की न्याय, संयम, दोन्ही बाजूंचा विचार असे काहीतरी चांगले मनात येते. समतोल आहार, समतोल विचार. अर्थशास्त्रात मात्र समतोल म्हणजे ज्या स्थितीत कोणालाच, इतरांचे वर्तन तसेच राहील हे धरून, आपले वर्तन बदलण्याचे कारण उरत नाही, ती स्थिती. ती सुखाची असेल, दुःखाचीही असेल. ‘इष्टतम’चे तसेच. परेटोच्या कसोटीने, कोणा एकाचे नुकसान केल्याविना दुसऱ्याचे भले करणे जिथे अशक्य होते, ती वाटणी इष्टतम. सगळे धान्य एकाच्या कोठारात आणि बाकी गाव उपाशी, ही वाटणीसुद्धा या कसोटीला उतरते, कारण उपाशी माणसाला पसाभर दिले तर कोठारवाल्याचे पसाभर कमी होते. ‘इष्ट’ हा शब्द वाचताना कोणाचे इष्ट, हे आपल्या कानाला ऐकू येत नाही. प्राथमिक स्तरावर मागणी आणि पुरवठ्याच्या दोन रेषा छेदतात, तो बिंदू म्हणजे समतोल, एवढे सांगून प्रकरण संपते. ते शिकून बाहेर पडलेला विद्यार्थी पुढे आयुष्यभर ‘शेवटी मागणी-पुरवठा आहे’ या वाक्याने स्वतःचे तोंड बंद करून घेतो. मध्यम स्तरावर गेल्यावरच कळते की मुळात कोणाच्या हाती काय होते यावर तो बिंदू कुठे पडणार हे ठरते.

रायगडच्या किनाऱ्यावरील विद्यार्थ्याला याचे उदाहरण शोधायला लांब जावे लागत नाही. अलिबाग तालुक्यातील चरी या गावी १९३३ मध्ये शेतकऱ्यांनी खोत-जमीनदारांच्या जमिनी कसायच्या नाहीत असे ठरवले. नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखालील हा संप चरीसह २५ गावांत पसरला आणि १९३९ पर्यंत चालला. सहा वर्षे भातशेती पडीक राहिली.

तेव्हाची अर्धेलीची रीत अशी की पिकाचा निम्मा वाटा मालकाचा. आता एक हिशेब करून पाहा. कुळाने बांधबंदिस्ती आणि बेणणी यांवर आणखी काही दिवस घातले तर दोन मण भात जास्त पिकते, आणि तेच दिवस दुसरीकडे मजुरीला घालवले तर सव्वा मणाची कमाई होते, असे समजू. दोन मण सव्वापेक्षा जास्त, तेव्हा ते काम व्हायला हवे. पण कुळाच्या पदरात त्यातला एकच मण पडणार. मग तो ते काम का करील? पाऊण मण कोणाच्याच घरी जात नाही. आल्फ्रेड मार्शलने १८९० च्या ग्रंथात वाटेकरी पद्धतीवर घेतलेला आक्षेप थोडक्यात हाच. ठरीव मक्ता असता तर वरचे दोन्ही मण कुळाचे झाले असते आणि काम झाले असते.

प्राथमिक पुस्तक इथे थांबते. पुढचे पुस्तक विचारते, मग ही पद्धत इतकी वर्षे टिकली कशी? स्टीव्हन च्यूंग यांनी १९६९ मध्ये दाखवले की मालक करारातच श्रमाचे प्रमाण ठरवून देऊ शकत असेल तर मार्शलचा तोटा उरत नाही. जोसेफ स्टिग्लिट्झ यांनी १९७४ मध्ये जोखमीकडे लक्ष वेधले : ज्या वर्षी उधाणाने खारबंदिस्ती फुटते त्या वर्षी ठरीव मक्ता कुळाला बुडवतो, तर अर्धेलीत नुकसानही निम्मे वाटले जाते. खारेपाटात ज्यांनी शेती केली आहे त्यांना हे समजावून सांगावे लागत नाही. म्हणजे पद्धत टिकण्यामागे कारणे होती. परंतु कारणे असणे आणि ती पद्धत न्याय्य असणे यांत अंतर आहे, आणि ‘समतोल’ हा शब्द ते अंतर झाकतो.

खरी मेख आणखी खोल आहे. दोघांत सौदा होतो तेव्हा प्रत्येकाला किती मिळेल हे, सौदा मोडला तर त्याच्या हाती काय राहील, यावर अवलंबून असते. खोताकडे जमीन, साठा आणि कर्जाची वही. कुळाकडे घरातली माणसे आणि पावसाळ्यापुरते धान्य, तेही नेहमी नाही. सौदा मोडण्याची धमकी एकट्या कुळाने दिली तर ती पोकळ ठरते, कारण दुसरे कूळ तयार असते. चरीच्या शेतकऱ्यांनी ही जागाच बदलली. सगळ्यांनी मिळून सौदा मोडला, आणि लाकूडफाटा, मासळी, मजुरी यांवर तग धरून मोडलेल्या स्थितीत जगता येते हे दाखवले.

येथे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला एक कोडे पडायला हवे. मॅन्कर ओल्सन यांच्या १९६५ च्या विवेचनाप्रमाणे मोठ्या समूहात प्रत्येकाचा मोह असा की संप इतरांनी करावा आणि फळ आपल्यालाही मिळावे. २५ गावांतले एखादे घर रात्रीतून खोताशी तडजोड करून मोकळे झाले असते. मग सहा वर्षे संप उभा कसा राहिला? पुन्हा पुन्हा गाठ पडणाऱ्या माणसांच्या खेळाचे गणित काही अंशी उत्तर देते. ज्याच्या दारात उद्या जायचे आहे त्याला आज फसवणे महाग पडते. उरलेले उत्तर, माझ्या मते, शपथ, नाते, लाज आणि सभांतून झालेले बोलणे यांत आहे, आणि ते शोधायला मराठीचा विद्यार्थी अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यापेक्षा अधिक सज्ज असतो.

हा प्रश्न विधिमंडळात नेणारे डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वतः कोलंबिया आणि लंडन येथे शिकलेले अर्थशास्त्रज्ञ होते, याचा आपल्याला अनेकदा विसर पडतो. खोती नष्ट करण्याचे विधेयक त्यांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधानसभेत मांडले. त्याच्या जवळजवळ वीस वर्षे आधी, १९१८ मध्ये, भारतातील लहान धारणक्षेत्रांवर त्यांनी एक निबंध लिहिला होता. जमिनीचा तुकडा किफायतशीर आहे की नाही हे त्याच्या आकारावरून ठरत नाही, त्या जमिनीवर किती श्रम आणि भांडवल लागते त्या प्रमाणावरून ठरते, असे त्यांचे प्रतिपादन. भांडवल नसेल तर मोठा तुकडाही तोट्याचा. उत्पादन घटकांचे प्रमाण हा मध्यम स्तरावरील अभ्यासाचा गाभ्याचा भाग आहे. तो ज्याने वाचला आहे त्याला हा निबंध सहज उलगडतो.

पुढचा कायद्यांचा इतिहास थोडक्यात सांगतो. १९३९ चा मुंबई कूळ कायदा, १९४८ चा अधिक व्यापक कायदा, १९४९ मध्ये खोती निर्मूलन, आणि १ एप्रिल १९५७ या कृषक दिनी कुळे कसत्या जमिनीची खरेदीदार मानली गेली. या धोरणाची किंमतही मोजावी लागली. कूळ लागेल या धास्तीने आज कोकणात जमीन लेखी करून खंडाने देण्यास मालक धजत नाहीत, आणि चांगली शेते गवताखाली जातात. हा तोटा मी नाकारत नाही. तरीही १९५७ चा निर्णय योग्यच होता असे माझे मत आहे, कारण ज्याच्या मालकीची सुरुवात शून्यापासून होती त्याला सौद्याच्या खोलीत खुर्ची त्यामुळेच मिळाली.

दुसरे उदाहरण ताजे आहे. २१ सप्टेंबर २००८ रोजी पेण तालुक्यातील २२ गावांत विशेष आर्थिक क्षेत्रासाठी जमिनी देण्याबाबत शेतकऱ्यांचे जनमत घेण्यात आले. त्या काळी चर्चा एकाच शब्दाभोवती फिरत होती : बाजारभाव. बाजारभावापेक्षा जास्त देतो, तरी हे लोक का अडून बसतात, असे सुशिक्षित माणसेही म्हणत. पण बाजारभाव कोणाचा असतो? ज्यांना विकायचे होते आणि ज्यांनी विकले त्यांचा. ज्याने त्या भावाला विकले नाही, त्याच्या लेखी जमिनीचे मोल त्याहून अधिक आहे एवढे तर त्याच्या न विकण्यावरूनच सिद्ध होते. पुरवठ्याच्या रेषेवर तो वरच्या टोकाला उभा असतो. सक्तीने संपादन करताना सर्वांना एकच भाव दिला की वरच्या टोकावरच्यांचा तोटा होतो, आणि तो कोणत्याही हिशेबाच्या वहीत लिहिला जात नाही. ‘मोबदला’ या शब्दात बदली काहीतरी मिळाल्याची ग्वाही आहे. ती खरी की खोटी हे तपासायला हा आलेख उपयोगी पडतो.

व्यवसायाचे काय, असे गृहिणी-विद्यार्थिनी विचारतात. तिथे गोष्ट सोपी आहे. मंगळवारी खोली रिकामी असताना पाहुणा शनिवारच्या निम्म्या दराने मागतो. घरपट्टी, रंगकाम, कर्जाचा हप्ता हे खर्च खोली रिकामी राहिली तरी होणारच. त्या रात्रीचा वाढीव खर्च म्हणजे चादरी धुणे, पाणी, वीज आणि आपले श्रम. निम्मा दर त्याहून अधिक असेल तर खोली द्यावी. शनिवारी मात्र तीच खोली त्या दराने देणे म्हणजे पुरा दर देणारा पाहुणा गमावणे. अलिबागच्या पांढऱ्या कांद्याला भौगोलिक मानांकन मिळाल्यावर त्याची माळ इतर कांद्यांहून वेगळी वस्तू ठरली. तो वाढीव भाव शेतकऱ्याला मिळतो की मधल्या व्यापाऱ्याला, हे पुन्हा सौद्याच्या ताकदीवर.

गणिताची भीती वाटते ही तक्रार खरी आहे आणि पाठ्यपुस्तकांनी ती वाढवली आहे. समवृत्ती वक्राची व्याख्या पाठ करून परीक्षेत लिहिणारे अनेकजण तो वक्र कशासाठी काढला हे सांगू शकत नाहीत. मी असे सुचवीन की ‘सीमान्त’ हा शब्द दिसेल तिथे पहिल्या वाचनात ‘आणखी एक’ असे वाचावे : आणखी एक मण, आणखी एक दिवस, आणखी एक पाहुणा. प्रकरण एकदा असे वाचून झाल्यावर आलेख स्वतःच्या हाताने, आपल्या गावातली एखादी वस्तू घेऊन काढावा. कलन नंतर आले तरी चालते. ज्यांना येते त्यांनी शेजारच्याला शिकवावे. संपर्कसत्राच्या दिवशी दुपारच्या सुट्टीत तेवढा वेळ मिळतो.