नियम आणि साहाय्य

रिकामे जहाज तोल राखण्यासाठी समुद्राचे पाणी भरून घेते व दूरच्या बंदरात सोडते. त्याबरोबर आलेले परके जीव कधी तेथील मासेमारीच्या मुळावर उठतात. हे रोखणारा जागतिक करार २००४ मध्ये झाला व २०१७ मध्ये लागू झाला. मात्र २००० पासूनच आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने भारत, ब्राझील, चीन, इराण, दक्षिण आफ्रिका व युक्रेन यांना तांत्रिक साहाय्य सुरू केले. आपल्याकडे मुंबई बंदराची निवड झाली; तेथील सागरी जीवांची पाहणी गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने केली. हाच क्रम योग्य. तपासनीस व प्रयोगशाळा नसतील, तर गरीब देशाची सही कागदावरच राहते. साहाय्याचा ताळेबंद मांडताना परिसंवाद मोजू नयेत. स्थानिक माणसे किती तयार झाली ते पाहावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.