आरोग्यचिंतन : मायेने पाय दुबळे होऊ नयेत

घरातील मुलाला ल्युकेमिया, म्हणजेच रक्ताचा कर्करोग झाल्याचे कळताच सारे कुटुंब त्याच्याभोवती गोळा होते. आजी पाण्याचा पेला हाती देते, काका जिना चढताना कडेवर घेतात. शाळा थांबते, खेळ थांबतो. यामागे निखळ माया असते. तरीही हीच माया नकळत मुलाचे पाय दुबळे करू शकते, हे वाचकांनी समजून घेणे अगत्याचे आहे.

लहान मुलांत सर्वाधिक आढळणारा कर्करोग म्हणजे ॲक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया. योग्य उपचार वेळेवर मिळाले तर बहुसंख्य मुले त्यातून बरी होतात. मात्र हे उपचार साधारणतः २ ते ३ वर्षे चालतात. एवढा काळ अंथरुणात काढला तर निरोगी मुलाचेही स्नायू झिजतील. येथे तर औषधांचाही भार असतो. व्हिन्क्रिस्टिनमुळे पायांच्या नसांवर परिणाम होऊन पाऊल पुढून नीट उचलले जात नाही, मूल अडखळते. स्टेरॉइडमुळे मांड्यांतील शक्ती घटते, जमिनीवरून उठताना हातांचा आधार लागतो आणि हाडेही कमजोर होतात. पालकांना हा आळस वाटतो. वस्तुतः तो औषधाचा परिणाम असतो व डॉक्टरांना सांगण्याजोगा असतो.

म्हणूनच २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत कर्करोगग्रस्त मुलांनी उपचारांच्या काळातही जमेल तशी हालचाल करावी, असा सल्ला आहे. निरोगी मुलांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने दिवसाला सरासरी ६० मिनिटांचे प्रमाण सांगितले आहे. आजारी मुलावर त्याचा धाक नको. आरंभी ५-१० मिनिटेही पुरेत. थकव्याच्या दिवशी अंथरुणातच पावले वर-खाली करावीत. बरे वाटेल त्या दिवशी खुर्चीवरून उठणे-बसणे, फुगा झेलणे, ओसरीत फेऱ्या मारणे योग्य. दुकान बंद करून वडील घरी आले की त्यांनी मुलाबरोबर चार फेऱ्या माराव्यात. व्यायाम म्हटले की मूल कंटाळते, खेळ म्हटले की उठते. पोटऱ्यांना ताण देण्याची रीत फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्यावी.

मात्र सावधगिरी हवीच. ताप आला तर खेळ बंद आणि तत्काळ रुग्णालय गाठावे. प्लेटलेट कमी असताना धावणे, सायकल, चेंडूचे खेळ टाळावेत. धाप लागली, चक्कर आली तर थांबावे. छातीत वा हातात औषधाची नळी बसवलेली असेल तर ती ओढली जाणार नाही व भिजणार नाही, हे पाहावे. कंबर, जांघ वा गुडघा दुखून मूल लंगडू लागले, विशेषतः १० वर्षांपुढील मुलांत, तर ते अंगावर काढू नये. स्टेरॉइडमुळे हाडाचा रक्तपुरवठा बाधित झालेला असू शकतो. हृदयावर परिणाम करणारी औषधे चालू असतील तर किती श्रम चालतील, हे डॉक्टरांनाच विचारावे.

आपल्या घरी रोजचा हिशेब लिहिण्याची सवय असतेच. तशीच एक छोटी वही मुलासाठी ठेवावी : आज किती चालले, काय दुखले, केव्हा थकले. तपासणीच्या दिवशी ती डॉक्टरांना दाखवावी.

आणि मुलाने पाणी मागितले, त्याला उठण्याची ताकद असली, तर पेला हाती न देता दोन पावलांवर ठेवावा. आपण शेजारी उभे राहावे. उठू मात्र त्याला द्यावे.