वर म्हणजे कोणाला?

दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात आमच्या भागातील एका ग्रामसभेला जाण्याचा योग आला. शाळेच्या पडवीत सभा भरली होती. जमाखर्च वाचून झाला, लाभार्थ्यांची नावे वाचून झाली, आणि एक वृद्ध कुणबी बाई उठून उभ्या राहिल्या. दारात नळ बसवून वर्ष झाले, पाणी केव्हा येणार, एवढेच त्यांनी आपल्या कोकणीत विचारले. टेबलामागून उत्तर आले, "आजी, वर कळवले आहे." आजी थोडा वेळ तशाच उभ्या राहिल्या. मग त्यांनी विचारले, "वर म्हणजे कोणाला?" सभेत हशा पिकला आणि कामकाज पुढच्या विषयाकडे वळले.

हसणाऱ्यांत मीही होतो, हे कबूल केले पाहिजे. परंतु घरी परतताना तो प्रश्न माझी पाठ सोडीना. कारण त्याचे उत्तर मलाही ठाऊक नव्हते.

आपल्या जोयडा तालुक्यात हा 'वर' मोठा गमतीचा आहे. जिल्हा पंचायतीचे कार्यालय कारवारला, म्हणजे अणशीचा घाट उतरून खाली समुद्राकाठी. तरीही आपण म्हणतो, कागद 'वर' गेला आहे. विजेसाठी हुबळीच्या हेस्कॉमकडे पाहायचे, एस. टी.साठी वायव्य कर्नाटक परिवहनाकडे, आणि रस्ता व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत असेल तर वनखात्याकडे. ज्या काळी नदीवर सुपा धरण झाले, जुने सुपा गाव पाण्याखाली गेले, तालुक्याचे ठाणे जोयड्याला आले आणि उठलेल्या कित्येक कुटुंबांनी रामनगरला नवे बिऱ्हाड थाटले, त्याच नदीच्या खोऱ्यातील अनेक वाड्यांना विजेसाठी वर्षानुवर्षे वाट पाहावी लागली. अशा तालुक्यात 'हे काम कोणाचे?' हा प्रश्न 'काम केव्हा होणार?' याच्याही आधी विचारावा लागतो.

लोकप्रतिनिधीने भर सभेत उभे राहून कारभाऱ्याला प्रश्न विचारावा आणि कारभाऱ्याने तेथेच उत्तर द्यावे, ही पद्धत आपल्याला आयती मिळालेली नाही. मुंबई शहरात 1865 च्या कायद्याने जवळजवळ सर्व सत्ता एकट्या म्युनिसिपल कमिशनरच्या हाती गेली. पहिले कमिशनर आर्थर क्रॉफर्ड कर्तबगार होते. शहरात त्यांनी मोठी कामे केली, पण खर्चाला धरबंध राहिला नाही. 1871 साली करदाते खवळले, क्रॉफर्ड यांना जावे लागले, आणि 1872 च्या कायद्याने चौसष्ट सभासदांची कॉर्पोरेशन आली. त्यांतील निम्मे सभासद करदात्यांनी निवडून दिलेले होते. कारभारी कितीही हुशार असला तरी त्याला विचारणारा कोणी हवा, हा धडा मुंबईने पैसे मोजून घेतला.

कायदेमंडळांतही तेच. 1892 च्या कायद्याने सभासदांना सरकारला प्रश्न विचारण्याची मुभा मिळाली, पण मिळेल ते उत्तर घेऊन खाली बसावे लागे. उत्तरावर पुन्हा प्रश्न विचारण्याचा, म्हणजे पुरवणी प्रश्नाचा हक्क मिळायला 1909 साल उजाडावे लागले. आमच्या आजींचा दुसरा प्रश्न हा असाच पुरवणी प्रश्न होता. पहिल्या प्रश्नाला ठरीव उत्तर देता येते. खरी कसोटी दुसऱ्या प्रश्नाला लागते, कारण तेथे माहिती असावी लागते आणि जबाबदारी घ्यावी लागते.

कर्नाटकाने या बाबतीत एके काळी साऱ्या देशाला वाट दाखविली होती. रामकृष्ण हेगडे मुख्यमंत्री असताना, अब्दुल नजीरसाब यांच्या पुढाकाराने 1983 चा जिल्हा परिषद व मंडल पंचायत कायदा झाला आणि 1987 च्या आरंभी निवडणुका झाल्या. जिल्हा परिषदेच्या अध्यक्षाला राज्यमंत्र्याचा दर्जा दिला गेला आणि स्त्रियांसाठी शेकडा 25 जागा राखल्या गेल्या. खेडोपाडी विंधनविहिरी खोदून पाणी पोहोचविणाऱ्या नजीरसाबांना लोक प्रेमाने 'नीरसाब' म्हणत. पाणी देणारा मंत्री आणि प्रश्न विचारणाऱ्यांना सत्ता देणारा मंत्री एकच असावा, हा योगायोग मला अर्थपूर्ण वाटतो.

पुढे 73 वी घटनादुरुस्ती आली आणि तिला धरून 1993 चा कर्नाटक पंचायत राज कायदा झाला. त्यात जिल्हा पंचायतीला स्थायी समित्या आहेत: सामान्य, वित्त, सामाजिक न्याय, शिक्षण व आरोग्य, कृषी व उद्योग. महाराष्ट्रात जिल्हा परिषदेला 'मिनी मंत्रालय' म्हणतात ते उगीच नव्हे. अध्यक्ष आणि समित्या मिळून जिल्ह्याचे छोटे मंत्रिमंडळच होते. आपल्या भागातून निवडून गेलेल्या सदस्याने सर्वसाधारण सभेत उठून विचारावे, की अमुक प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर का नाही, तमुक शाळा एका मास्तरावर का चालते. अध्यक्षांनी खुलासा करावा, अधिकाऱ्यांनी आकडे द्यावेत, आणि ते सारे इतिवृत्तात नोंदले जावे. आजींच्या 'वर'ला असा एक पत्ता असतो, नाव असते, खुर्ची असते.

ती खुर्चीच रिकामी पडली. कर्नाटकातील जिल्हा व तालुका पंचायतींच्या निवडणुका 2016 साली झाल्या. त्यांची मुदत 2021 साली संपली. पाच वर्षांची मुदत संपण्यापूर्वी नवी निवडणूक झाली पाहिजे, असे घटना सांगते. परंतु मतदारसंघांची फेररचना, आरक्षण, न्यायालयातील दावे अशा कारणांनी निवडणूक लांबत गेली आणि 2025 साल उजाडले तरी ती झालेली नव्हती. कारभार प्रशासकांकडे गेला. हे पूर्वीही घडले होते. 1992 साली जिल्हा परिषदा संपल्या, त्यानंतर 1995 पर्यंत निवडून आलेली जिल्हा पंचायत नव्हतीच. शेजारच्या महाराष्ट्राला नावे ठेवायलाही जागा नाही. मुंबई महापालिकेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली आणि तीन वर्षांहून अधिक काळ तेथे प्रशासकाचेच राज्य राहिले. म्हणजे 1872 च्या आधीचेच दिवस फिरून आले म्हणायचे!

यावर कोणी म्हणेल, बिघडले काय? सदस्य तरी कोठे लोकांचे प्रश्न विचारत होते? ठेके कोणाला, कमिशन किती, यातच सभा संपत. अधिकारी शिकलेला असतो, पक्षात नसतो, काम झटपट करतो. या म्हणण्यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. परंतु वाईट सदस्याला पाच वर्षांनी घरी बसविता येते. प्रशासकाला जोयड्याच्या मतदाराने निवडलेले नसते, आणि घालविण्याचा अधिकारही त्याच्या हाती नसतो. त्याची बदली होते, आणि नव्या साहेबांपुढे आपला अर्ज पुन्हा पहिल्या पानापासून सुरू होतो.

दुसरे कोणी म्हणेल, 2005 पासून माहितीचा अधिकार आहे की! दहा रुपये भरून अर्ज करा, तीस दिवसांत उत्तर घ्या. तो कायदा मोलाचा आहे यात शंका नाही. परंतु त्यात जे दप्तरात आहे ते मिळते. नळ बसविल्याची तारीख मिळेल, खर्चाचा आकडा मिळेल. पाणी का आले नाही आणि केव्हा येईल, याचा जाब सर्वांसमक्ष द्यायला मात्र तो कायदा कोणाला उभे करीत नाही. आणि आमच्या आजींनी अर्ज लिहायचा तरी कोणत्या भाषेत?

येथे आपल्यासारख्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचा संबंध येतो. आपल्या तालुक्यात प्रश्न कोकणीत किंवा मराठीत विचारला जातो आणि इतिवृत्त कन्नडात लिहिले जाते. या दोहोंच्या मध्ये कितीतरी प्रश्न गळून पडतात. आजींनी विचारले ते त्या दिवशीच्या इतिवृत्तात उतरले की नाही, हे तेथे बसलेल्या आम्हा शिकलेल्या मंडळींपैकी एकानेही पाहिले नाही. ज्या अंकात मराठी विभागाला लागूनच कन्नड विभाग छापला जातो, त्या अंकाच्या वाचकांना तरी हे काम जड वाटू नये. आजींचा प्रश्न कन्नडात लिहून द्यावा, तो नोंदला गेला की नाही ते पाहावे, आणि पुढच्या सभेत त्याच प्रश्नाचे काय झाले असे विचारावे. एवढे केले तरी पुष्कळ झाले.

वरची खुर्ची भरण्याची मागणी तर केलीच पाहिजे. पण तोवर गावची खुर्ची आपल्या आवाक्यात आहे. अठरा वर्षे पूर्ण झालेला, मतदारयादीत नाव असलेला प्रत्येक जण ग्रामसभेचा सभासद असतो. वर्षातून एकदा पंचायतीची जमाबंदी होते. हिशेब आणि झालेली कामे लोकांसमोर तपासली जातात. किती विद्यार्थी तेथे जातात? परीक्षेतील प्रश्नांची उत्तरे आपण तीन तीन वर्षे घोकतो, परंतु आपल्याच गावच्या टेबलासमोर उभे राहून एक प्रश्न विचारताना आपली जीभ टाळ्याला चिकटते. प्राध्यापक मंडळींनी राज्यशास्त्राच्या एखाद्या तासाऐवजी वर्ग ग्रामसभेला नेला, तर अभ्यासक्रमाचे फारसे नुकसान होईल असे वाटत नाही.

त्या नळाला पुढे पाणी आले की नाही, हे सांगून लेख संपवावा असे मनात होते. खरे सांगायचे तर मी पुन्हा चौकशीला गेलोच नाही. 'वर' बसलेल्यांना दोष देताना माझा हा दोषही येथे नोंदला जावा. पुढच्या ग्रामसभेला मी जाणार आहे. आजी आल्या तर त्यांच्या शेजारी बसेन, आणि पुरवणी प्रश्न या वेळी मी विचारीन.