नाव शिर्डीचे, आवाज काकडीचा

कोपरगाव तालुक्याची ख्याती गोदावरीच्या कालव्यांवर आणि उसाच्या मळ्यांवर उभी राहिली असली, तरी त्याच तालुक्याच्या दक्षिण अंगास, जिथला शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या आकाशाकडे केवळ पावसासाठी पाहत आला, त्या अवर्षणप्रवण पट्ट्यातील काकडी गावच्या माळावर महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनीने अडीच हजार मीटर लांबीची धावपट्टी बांधली. आणि साईबाबांच्या समाधी-शताब्दीच्या निमित्ताने १ ऑक्टोबर २०१७ रोजी राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या हस्ते विमानतळाचे उद्घाटन झाले. विमानतळाला नाव मिळाले राहाता तालुक्यातल्या शिर्डीचे. त्यात गैर काही नाही, कारण काकडीला जाण्यासाठी म्हणून कोणी विमानात बसत नाही. भाविक उतरतो, मोटारीत बसतो आणि अर्ध्या तासात समाधिमंदिराच्या रांगेत उभा राहतो. त्याच्या विमानाचा आवाज मात्र त्याच्याबरोबर शिर्डीस जात नाही. तो काकडीच्या व आसपासच्या वाड्यावस्त्यांच्या छपरांवरच राहतो.

हा आवाज आजमितीस फार मोठा उपद्रव झाला आहे, असा कांगावा मला करावयाचा नाही. मुंबईच्या तुलनेत येथील विमानांची ये-जा नगण्य म्हणावी अशीच आहे, आणि हिवाळ्यातील धूसर हवेने २०१९ साली ती काही काळ जवळजवळ थंडावलीही होती. परंतु २०२५ च्या मार्चअखेरीस येथे नाइट लँडिंग सुरू झाले. त्याआधी, ९ ऑक्टोबर २०२४ रोजी, पंतप्रधानांनी ६४५ कोटींहून अधिक खर्चाच्या नव्या टर्मिनल इमारतीची पायाभरणी केली. धावपट्टी बत्तीसशे मीटरपर्यंत वाढविण्याचा मनसुबा आहे. आणि नाशिकचा २०२७ चा सिंहस्थ तोंडावर आहे. आवाज थोडा आहे तोवरच तो मोजून ठेवावा, आणि ती मोजणी गावाला वाचता येईल व गावाच्या दफ्तरात राहील अशा रीतीने व्हावी, एवढेच ह्या लेखाचे मागणे आहे. जमीन पाण्याखाली गेल्यावर तिची मोजणी मागणारा जसा उशिरा जागा झालेला असतो, तसाच उड्डाणे दसपट झाल्यावर ‘पूर्वी इथे किती शांतता होती’ हे सिद्ध करू पाहणारा ग्रामस्थही हात हलवीत परत येतो. त्याच्याजवळ आठवण असते, दाखला नसतो.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री दहापासून सकाळी सहापर्यंत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने २०१८ च्या जूनमध्ये विमानतळांभोवतालच्या ध्वनिक्षेत्रासाठी स्वतंत्र मानके जाहीर केली. वर्षाकाठी पन्नास हजारांहून अधिक उड्डाणे व अवतरणे होणाऱ्या गजबजलेल्या विमानतळांना दिवसा ७० व रात्री ६५, आणि शिर्डीसारख्या इतर विमानतळांना दिवसा ६५ व रात्री ६० डेसिबल, अशी ती आहेत. वरवर पाहता ४५ आणि ६० ह्यांत अंतर पंधराचेच दिसते. पण डेसिबलची पट्टी बाजारातल्या तराजूसारखी सरळ चढत नाही. तिच्यावरील प्रत्येक दहा अंशांस ध्वनीची ऊर्जा दहापट होते, आणि पंधरा अंशांचे अंतर म्हणजे सुमारे तीसपट ऊर्जा. ज्या घराला धावपट्टीचा शेजार नाही त्याच्या रात्रीला कायदा जेवढा आवाज परवडेल म्हणतो, त्याच्या तीसपट आवाज धावपट्टीशेजारच्या घराने कायदेशीरपणे सोसावा, असा ह्याचा अर्थ होतो. विमानतळ हवा असेल तर काही सवलत अपरिहार्य आहे हे मी मान्य करतो. तथापि ही सवलत कोण देतो आणि कोणाच्या खात्यातून देतो, हे त्या घरातल्या माणसाला कोणी समजावून सांगितले असेल असे वाटत नाही.

आणि खरी मेख त्या आकड्यात नाही. ती सरासरीत आहे. ही मर्यादा एखाद्या क्षणाच्या आवाजाला लागू नसून आठ तासांच्या रात्रीतील सगळी ध्वनि-ऊर्जा समप्रमाणात पसरून काढलेल्या पातळीला लागू असते. समजा, डोक्यावरून जाणाऱ्या एका विमानाचा सगळा गडगडाट एका सेकंदात कोंडला तर तो ९० डेसिबल भरतो. उतरणीच्या मार्गाखालच्या घरासाठी ही काही अतिशयोक्ती नव्हे, ह्यात ऐन माथ्यावरचा आवाज साधारण ८० च्या घरात येतो. असे एक विमान रात्री गेले तर आठ तासांच्या सरासरीत त्याचे योगदान जेमतेम ४५ डेसिबल. ६० ची मर्यादा ओलांडण्यासाठी अशी एकोणतीस विमाने जावी लागतील. म्हणजे एखादी बाळंतीण, एखादा दमेकरी म्हातारा किंवा परीक्षेच्या तयारीने थकून झोपलेला मुलगा एका रात्रीत अठ्ठावीस वेळा दचकून उठला, तरी सकाळी तयार होणाऱ्या अहवालात ती रात्र निर्दोष ठरेल. अहवाल खोटा नसेल. तो केवळ ज्या गोष्टीने झोप मोडली ती गोष्ट सोडून भलतेच काही मोजीत असेल.

सरासरीचे हे सोंग कोपरगावच्या शेतकऱ्याला नव्याने ओळखून घ्यावे लागेल असे नाही, कारण पावसाच्या बाबतीत ते त्याने जन्मभर पाहिले आहे. ह्या तालुक्यात वर्षाला पाचशे मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तो वर्षभर सारखा वाटला तर रोज दीड मिलीमीटरही होत नाही, आणि त्या हिशेबाने कोणाचे सोयाबीन वाहून जाण्याचा किंवा कोणाचा कांदा सडण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. म्हणूनच महसूल खात्याने नुकसानीसाठी वार्षिक सरासरी कधी विचारात घेतली नाही. चोवीस तासांत ६५ मिलीमीटरहून अधिक पाऊस झाला की अतिवृष्टी, असा घटनेवर आधारलेला दंडक त्याने पत्करला, आणि पुढे ‘महावेध’ प्रकल्पातून महसूल मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रेही उभी राहिली. त्या केंद्रांवर आक्षेप पुष्कळ आहेत. मंडळाच्या गावी कोरडे आणि चार कोसांवर ढगफुटी, असे घडून मदत हुकल्याच्या कैफियती दर पावसाळ्यात कचेरीत येतात. तरीही आपत्ती ही सरासरीत नसून घटनेत असते, एवढे शहाणपण शासनाच्या एका खात्याला कळले आहे. दुसऱ्या खात्याने ते उसने घ्यायला हरकत नसावी.

परदेशात हे शहाणपण मोठ्या मनस्तापानंतर आले. सिडनीच्या विमानतळावर १९९४ च्या नोव्हेंबरमध्ये तिसरी धावपट्टी सुरू झाली, तेव्हा सरासरीवरून काढलेल्या समपातळी-रेषांचे सुबक नकाशे तयार होते, आणि रेषेबाहेर राहणाऱ्या सहस्रावधी कुटुंबांनी त्यांचा सरळ अर्थ असा घेतला होता की आपल्या घरावर आवाज येणार नाही. तो आला. जनक्षोभ एवढा उसळला की ऑस्ट्रेलियाच्या सिनेटला १९९५ मध्ये चौकशी समितीचा अहवाल काढावा लागला, आणि २००० साली तेथील वाहतूक खात्याने स्वतःच एक चर्चापत्र प्रसिद्ध करून वेगळी मोजदाद पुढे मांडली: दिवसातून किती वेळा विमानाचा आवाज ७० डेसिबलच्या वर जातो, ते मोजा आणि लोकांना तेच सांगा. सत्तरच का? तर घराबाहेर ७० असलेला आवाज खिडक्या उघड्या असलेल्या घरात सुमारे ६० होतो, आणि त्या पातळीला बोलणे तुटू लागते. हा आकडा सामान्य माणसाला उमगतो. ‘तुमच्या वस्तीवर रात्री दहा ते सहा ह्या वेळेत असे चार प्रसंग येतात, पुढील वर्षी नऊ येतील’ हे वाक्य ग्रामसभेत कोणीही समजू शकेल. ‘समतुल्य पातळी ४९.७’ हे समजण्यासाठी अभियंता आणावा लागेल, आणि अभियंता ज्याच्या पगारावर असतो त्याच्याच बाजूने बहुधा समजावतो.

पण सिडनीचा हिशेबही काकडीस जसाच्या तसा लागू पडणार नाही. भिंतीने दहा डेसिबल अडविले हे गृहीतक विटांच्या पक्क्या घराचे आहे. पत्र्याच्या छपराखाली, किंवा उन्हाळ्यात अंगणात बाज टाकून झोपणाऱ्याला ती भिंत कुठली? कायद्याची ‘रात्र’ही अशीच नागरी आहे. शेतीपंपांना वीज रात्रपाळीत मिळते त्या आठवड्यात शेतकरी पहाटेपर्यंत दारे धरतो आणि दुपारी झोपतो. नेमक्या त्या वेळी कायद्याच्या लेखी दिवस असल्याने मर्यादा पाच अंशांनी सैल झालेली असते. सबब, ग्रामीण विमानतळाभोवती मापनाचे परिमाण काय असावे, ह्याचा विचार शहरी नियमपुस्तकाबाहेर जाऊन, आणि तिथे राहणाऱ्यांना विचारूनच करावा लागेल. लंडनच्या हीथ्रोभोवती १९६१ साली केलेल्या पाहणीत यंत्रांच्या नोंदींबरोबर रहिवाशांना प्रश्नही विचारले गेले होते, आणि १९६३ च्या विल्सन समितीच्या अहवालातील ध्वनि-निर्देशांक त्या दोहोंच्या मेळातून सिद्ध झाला होता. त्या निर्देशांकात आवाजाच्या तीव्रतेइतकेच विमानांच्या संख्येलाही स्थान होते, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे.

यंत्राचेही काही नखरे आहेत. ध्वनिग्राहक जमिनीपासून पुरेसा उंच, भिंती व झाडांपासून दूर, वाऱ्याचा सूसूकार गाळणारे आवरण घातलेला असावा लागतो. आणि नोंदलेला प्रत्येक गडगडाट विमानाच्या त्या क्षणीच्या स्थानाशी पडताळून पाहावा लागतो. ही पडताळणी आमच्या भागात विशेष निकडीची, कारण गळीत हंगामात दोन-दोन ट्रेलर ओढीत, गाण्यांचा कर्णा उच्च स्वरात लावून जाणारा उसाचा ट्रॅक्टर कोणत्याही विमानास हार जाणार नाही. ट्रॅक्टरचे पाप विमानाच्या माथी मारले गेले तर विमानतळ कंपनी सगळी मोजणीच फेटाळून लावील, आणि तसे करण्याचा तिला अधिकारही राहील.

निव्वळ आकड्यास केवढे बळ असते ह्याचा एक जुना दाखला अमेरिकेतला आहे. नॉर्थ कॅरोलिना राज्यातील ग्रीन्सबरोच्या विमानतळाजवळ कॉझबी नावाचा शेतकरी कोंबड्या पाळून राहत असे. दुसऱ्या महायुद्धात लष्करी विमाने त्याच्या आवारावरून उतरू लागली. भेदरलेल्या कोंबड्या भिंतींवर आपटून मेल्या, अशा सुमारे दीडशे गेल्या, आणि धंदाच बसला. १९४६ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की जमिनीलगतच्या आकाशाचा असा नित्य वापर म्हणजे सरकारने त्या जमिनीवर घेतलेला हक्कच होय, आणि त्याची भरपाई दिली पाहिजे. ह्या निकालपत्रात करुणेची वर्णने थोडी आणि मापे पुष्कळ आहेत: विमाने जमिनीपासून ८३ फुटांवर, घरापासून ६७, कोठारापासून ६३ आणि सर्वांत उंच झाडापासून अवघ्या १८ फुटांवर. ही मापे नसती तर कॉझबी हा एक चिडका शेजारी ठरला असता. आपल्याकडे कुक्कुटपालनाच्या शेड उभारून कर्जाचे हप्ते भरणाऱ्या तरुणांनी हा खटला वाचावा असे मी सुचवीन.

मोजल्याने आवाज कमी होत नाही, हा आक्षेप मला ठाऊक आहे, आणि तो खरा आहे. हीथ्रोभोवती साठ वर्षे मोजणी चालू आहे आणि तेथील रहिवासी आजही त्रस्त आहेत. कदाचित असेही निष्पन्न होईल की काकडीच्या बहुतेक वस्त्यांवर आज तक्रारीजोगे काही नाही. तसे झाले तर तेही लेखी असावे, कारण २०२७ नंतर तुलनेसाठी तोच पाया लागेल. शिवाय ह्या नोंदीचा ज्याला आज तातडीने उपयोग आहे तो जुना ग्रामस्थ नव्हेच. तो आहे विमानतळाच्या ओढीने रस्त्यालगत बिनशेती भूखंड घेणारा नवा खरेदीदार. मुंबईत वस्ती कुंपणाला भिडल्यावर शहाणपण सुचले. येथे अजून माळ मोकळा आहे. बांधकाम परवानगीच्या अर्जाला ध्वनिरेषांचा नकाशा जोडणे बंधनकारक केले, आणि उतरणीच्या मार्गाखालच्या गटांवर शाळा व रुग्णालयांस मनाई केली, तर पुढील पिढीतील निम्मे तंटे उद्भवणारच नाहीत.

धावपट्टीच्या दोन्ही टोकांच्या पलीकडे आणि काकडीच्या गावठाणात मिळून तीन कायम यंत्रे बसवावीत. खर्च विमानतळाने सोसावा, पण यंत्रांची तपासणी राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे असावी. दर महिन्याला सरासरीबरोबर रात्रीच्या मोठ्या आवाजांची संख्या, वेळेसह, मराठीत छापून ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावी आणि तिची एक नक्कल तलाठ्याच्या दफ्तरात, पर्जन्याच्या नोंदवहीशेजारी ठेवावी. सिंहस्थाची जादा विमाने सुरू होण्यापूर्वी किमान एक पावसाळा आणि एक गळीत हंगाम ह्या नोंदीत यावयाचा असेल, तर निविदेचा कागद ह्याच वर्षी हलला पाहिजे.