पीसीओएसची मोजणी आमच्या मोहल्ल्यापर्यंत कधी येणार?

पाळी तीन-चार महिने येत नाही, हनुवटीवर केस येतात, वजन वाढतच जातं. घरातलं उत्तर मात्र ठरलेलं: "शादी झाली की सगळं नीट होईल." छत्रपती संभाजीनगरच्या किराडपुरा, रोशन गेट, कटकट गेट भागात आम्ही हे नेहमी ऐकतो. या तक्रारींमागे पीसीओएस असू शकतो, हे अनेक मुलींना लग्नानंतर, मूल राहत नाही म्हणून दवाखाना गाठल्यावरच कळतं.

हा आजार नेमका किती जणींना आहे? मुंबईच्या राष्ट्रीय प्रजनन स्वास्थ्य संशोधन संस्थेने १५ ते २४ वयाच्या मुलींचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध केला. अनियमित पाळी, पुरुषी संप्रेरकं जास्त असणं आणि सोनोग्राफीतला बीजांडकोशाचा बदल, या तिन्हींपैकी दोन गोष्टी असल्या की रॉटरडॅम निकष आजार धरतो. त्यानुसार प्रमाण आलं २२.५ टक्के. पुरुषी संप्रेरकांची अट सक्तीची केल्यावर त्याच मुलींमध्ये ते १०.७ टक्क्यांवर आलं. पुढे आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीत सुमारे ९ हजार महिला होत्या. २०२४ मध्ये आलेला रॉटरडॅमचा आकडा १९.६ टक्के. काश्मीर खोऱ्यात मात्र २०२० च्या अभ्यासात तो ३५.३ टक्के निघाला होता.

निकष एकच, तरी जागा बदलली की आकडा एवढा बदलतो. मग मुंबईच्या किंवा देशाच्या सरासरीवरून मराठवाड्याचा अंदाज कसा बांधायचा? २०११ च्या जनगणनेनुसार आपल्या शहरात सुमारे ३० टक्के मुस्लिम आहेत. घाटीच्या ओपीडीत जी येते तिची नोंद होते. जी लाजेपोटी घरीच थांबते ती कुठल्याच आकड्यात नसते.

म्हणून पाहणी घरोघरी व्हायला हवी. आशा ताई सोबत असाव्यात, तपासायला महिला डॉक्टर असाव्यात, प्रश्न उर्दू-दखनीतही विचारावेत आणि नावं गुप्त राहावीत. अविवाहित मुलींची सोनोग्राफी पोटावरून होते, हेही आधीच समजावून सांगावं; निम्मी भीती तिथेच जाईल.

जबाबदारी आपलीही आहे. रिश्ता मोडेल म्हणून अम्मी-खाला आजार लपवतात. पण पीसीओएस म्हणजे वांझपण नाही. उपचाराने अनेकींना मूल होतं. दुर्लक्ष केलं तर पुढे मधुमेहाचा धोका मात्र वाढतो. पाहणी करणारे दारात आले, तर मुलीला बोलू द्या.