बाजाराचा दिवस, जाहिरातीची जागा

बीड जिल्ह्यात जाहिरातीसाठी वापरली जाणारी एक गजबजलेली जागा म्हणजे आठवडी बाजार. नेकनूरसारख्या बाजारात जनावरे, भाजीपाला, कपडालत्ता यांच्या निमित्ताने पंचक्रोशीतली गावे एकाच दिवशी जमतात. त्यामुळे जाहिरात करणाऱ्या कंपनीचे गावोगाव फिरणे वाचते. बाजारावर फी बसवण्याचा अधिकार गावात १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्याने ग्रामपंचायतीला आहे, तर शहरात बाजाराची व्यवस्था नगरपरिषद पाहते. वसुली बहुधा लिलावाने ठेकेदाराकडे जाते आणि त्याचा माणूस पालापालांवर पावती फाडत फिरतो. मात्र त्या पावतीवर मंडप ठोकता येत नाही. प्रचारगाडी किंवा मंडपासाठी स्थानिक संस्थेची आणि भोंग्यासाठी पोलिसांची परवानगी घ्यावी लागते. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार व्यापारी भागात दिवसा ६५ डेसिबलची मर्यादा आहे. जाहिरातीचा हंगाम शेतीवर ठरतो. मृगाआधी बियाणे-खतांच्या गाड्या येतात. कपाशीच्या बियाण्यांचे कापडी फलक झळकतात, माहितीपत्रके आणि टोप्या वाटल्या जातात. कापूस विकून पैसा हाती आला की दुचाकी आणि मोबाइलवाल्यांची पाळी. दिवाळीच्या सुमारास लाखो ऊसतोड मजूर कारखान्यांकडे निघतात, म्हणून त्यांना गाठायचे तर उचल (आगाऊ रक्कम) हाती पडल्यानंतरचे बाजार साधावे लागतात. जागा निवडताना वाहनतळाजवळचा किंवा प्रवेशाचा कोपरा सोयीचा ठरतो. तिथे गर्दी जाता-येता दोनदा भेटते आणि नेहमीच्या विक्रेत्यांची जागाही अडत नाही.